जुनी मारुती ८००, थोडे पैसे आणि ‘एका वेळी एकच बदल’



पेटची मुलाखत देऊन आलेल्या दोघा-तिघांनी या महिन्यात मला एकच प्रश्न विचारला. “ताई, व्हेरिएबल कंट्रोल करणं म्हणजे नेमकं काय? व्याख्या पाठ आहे, पण उदाहरण विचारलं की गडबडायला होतं.” व्याख्या मीही पाठच केली होती. स्वतंत्र चल, आश्रित चल, बाह्य चल. सेट पास झाले, पीएच.डी.ला प्रवेश मिळाला आणि तरी पहिल्याच वर्षी नेमकी तीच चूक केली. ती चूक लक्षात आली ती प्रयोगशाळेत नाही, तर मुरुडला आमच्या घरासमोर, अण्णांच्या १९९७ सालच्या मारुती ८०० चं बोनेट उघडून उभी असताना. (मुरुड म्हणजे लातूर-बार्शी रस्त्यावरचं. समुद्र आणि जंजिऱ्याचं मुरुड वेगळं.)

म्हणून आजचा लेख गाडीवर आहे. गाडीतलं काही कळत नसेल तरी चालेल. प्रश्न साधा आहे: गाडी जुनी, कार्बोरेटरची, हातात थोडेच पैसे. तिचा पिकअप आणि अ‍ॅव्हरेज सुधारायला पैसे कुठे घालावेत, आणि ते वसूल झाले हे कशावरून म्हणावं? या प्रश्नाचा दुसरा भाग म्हणजे संपूर्ण संशोधन पद्धती आहे.

आधी गाडीची ओळख

पहिली मारुती ८०० गुरगावच्या कारखान्यातून १४ डिसेंबर १९८३ ला बाहेर पडली आणि शेवटची १८ जानेवारी २०१४ ला. मधल्या तीस वर्षांत आपल्याकडच्या कितीतरी शिक्षक-कारकून घरांतली पहिली कार हीच होती. अण्णांनी आमची २००६ मध्ये सेकंडहँड घेतली.

इंजिन तीन सिलिंडरचं. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी आणि पिस्टनची धाव ७२ मिमी. कॅल्क्युलेटर घ्या: ०.७८५४ × ६.८५ × ६.८५ × ७.२ × ३. उत्तर येतं ७९६ घन सेंमी. नावातले ८०० ते हेच. कंपनीने सांगितलेली ताकद साधारण ३७ अश्वशक्ती. म्हणजे उधळायला फार काही नाही, पण त्यातलं हरवलेलं परत मिळवायला पुष्कळ आहे.

कार्बोरेटर म्हणजे बर्नोलीचं तत्त्व. हवा अरुंद गळ्यातून जाते, तिथे वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या कमी दाबामुळे जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल खेचलं जातं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत धुराड्यातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. मिश्रण चुकलं की कंप्युटर दुरुस्त करतो. कार्बोरेटरला असलं काही कळत नाही. भोक जेवढं, तेवढं पेट्रोल. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर या यंत्रणेत फीडबॅक नाही. तो फीडबॅक आपणच व्हायचं असतं.

आमच्या घरात हा विषय निघाला कारण गाडीचं नूतनीकरण. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी करून घ्यावी लागते. आमची २०१२, २०१७ आणि २०२२ ला झाली. पुढची २०२७ ला. आईला दर महिन्याला तपासणीसाठी लातूरला न्यावं लागतं. कधी परत यायला रात्र होते, म्हणून दारात गाडी लागतेच. काकांचं म्हणणं, भंगारात द्या. अण्णांचं म्हणणं, “तिला काय झालंय?” मी म्हटलं, फेलोशिपमधले दहा हजार घालते. फरक पडला तर ठेवू, नाहीतर काकांचं ऐकू.

मी काय चूक केली

मिस्त्रींकडे गाडी नेली आणि म्हटलं, सगळं करून टाका. त्यांनी एका दिवसात प्लग बदलले, पॉइंट बदलले, एअर फिल्टर नवा टाकला, कार्बोरेटर खोलून साफ केला, टायमिंग लावलं आणि जाताजाता चारही चाकांत हवा भरली. संध्याकाळी गाडी हातात देताना म्हणाले, “ताई, आता बघा कशी पळायलीय.”

गाडी खरंच पळत होती. अण्णा खूश. मी वहीत लिहायला बसले: ‘कशामुळे सुधारणा झाली?’ आणि पेन थांबला. सहा गोष्टी एकदम बदलल्या होत्या. आधीचं अ‍ॅव्हरेज किती होतं? “असंल की पंधरा-सोळा,” अण्णा म्हणाले. ‘असंल की’ हा काही डेटा नाही.

तेवढ्यात मला माझे नमुने आठवले. मी स्प्रे पायरोलिसिसने वायू ओळखणाऱ्या पातळ फिल्म बनवते. म्हणजे द्रावणाचे बारीक थेंब तापलेल्या काचेवर फवारायचे. नीट बघितलं तर तोही एक कार्बोरेटरच. त्या सत्रात मी काचेचं तापमान वाढवलं होतं आणि त्याच आठवड्यात द्रावणाची जुनी बाटली संपली म्हणून नवी बनवली होती. संवेदनशीलता वाढली. मी श्रेय तापमानाला दिलं, आलेख काढले, सेमिनारही दिला. नंतर जुन्या प्रमाणाचं द्रावण पुन्हा बनवून त्याच तापमानाला फवारलं, तर वाढ गायब. पाच महिन्यांचं काम परत करावं लागलं. दोष कुणाचाच नव्हता, माझाच होता. एका वेळी दोन चल हलवले होते.

तुमचं असं होऊ नये म्हणून पुढचं सगळं क्रमाने सांगते.

पायरी १: आधी तब्येत, मग सुधारणा

खर्च करण्याआधी एक चाचणी करून घ्या: कॉम्प्रेशन. प्लग काढून त्या जागी दाबमापक लावतात, एक्सलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवतात आणि तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहितात. तिन्ही जवळजवळ सारखे असले तर पुढे जा. एकाचा बराच कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. चमचाभर तेलात दोन शक्यता वेगळ्या होतात. चांगला प्रयोग असाच असतो: स्वस्त, आणि दोन स्पष्टीकरणांतलं एक बाद करणारा.

सिलिंडरच गळत असेल तर बाहेरून कितीही महागडं काही लावा, उपयोग नाही.

पायरी २: बेसलाइन आणि मोजपट्टी

पुण्यात एआरएआय ही संस्था आहे, १९६६ साली सुरू झालेली. गाडीच्या जाहिरातीत दिसणारा मायलेजचा आकडा अशाच चाचणीतून येतो. तिथे गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या परिस्थितीत चालवतात. आपल्याकडे रोलर नाहीत, पण टाकी आहे आणि मोबाइल आहे.

अ‍ॅव्हरेजसाठी टाकी फुल करा, चालवा, पुन्हा त्याच पंपावर फुल करा. यात अर्धा लिटर इकडेतिकडे होतंच. दहा लिटरवर अर्धा लिटर म्हणजे ५ टक्के चूक, वीस लिटरवर अडीच टक्के. म्हणून दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकून काढलेल्या अ‍ॅव्हरेजवर विश्वास ठेवू नका.

आणि एकदा मोजून थांबू नका. समजा, बदलाआधी तीन टाक्यांचे आकडे आले १४.१, १५.६ आणि १४.८. सरासरी १४.८, प्रमाण विचलन सुमारे ०.७५. मग तुम्ही काहीतरी बदललंत आणि एका टाकीला १५.९ मिळाले. आनंद होतो, पण फरक १.१ आहे आणि गाडी काही न करताही ०.७५ ने वरखाली होतेच आहे. एका आकड्यावरून शून्य परिकल्पना फेटाळता येत नाही. बदलानंतरही निदान तीन टाक्या मोजा.

पिकअपसाठी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० ते ६० किमी जायला लागणारा वेळ मोजा. स्टॉपवॉच दाबायला हातच उशीर करतो, म्हणून शेजारी बसलेल्याने स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढावा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर तीसाव्या भागापर्यंत वेळ कळतो. गाडी आणि दोन माणसं मिळून ८०० किलो धरा. ३० वरून ६० वर जाताना गतिज ऊर्जा सुमारे ८३ किलोजूलने वाढते. ८ सेकंद लागले तर सरासरी १०.४ किलोवॅट. बारावीचं भौतिकशास्त्र, बास. पहाटे, रिकाम्या सरळ रस्त्यावर करा आणि चालवणाऱ्याने मोबाइलला हात लावू नये.

इथे एक फसगत आहे. रस्ता सपाट वाटतो, पण शंभर मीटरला एक मीटर चढ डोळ्याला दिसतही नाही. ८०० किलोच्या गाडीला ताशी ४५ किमी वेगाने तो चढ चढायला जवळपास १ किलोवॅट लागतो. म्हणजे वरच्या आकड्यात १० टक्क्यांचा घोळ. उपाय सोपा: जाताना आणि येताना, दोन्ही बाजूंनी मोजा आणि सरासरी घ्या. रस्ता बदलता येत नाही, पण त्याचा परिणाम खोडून टाकता येतो.

तसंच हवामान. पहाटे २० अंशाला हवा जितकी दाट असते, त्यापेक्षा ४२ अंशाला ती ७ टक्के विरळ होते. इंजिनाला तेवढी हवा कमी, तेवढी ताकद कमी. जानेवारीतल्या ‘आधी’ची तुलना मे महिन्यातल्या ‘नंतर’शी केलीत तर तुम्ही गाडी नाही, मराठवाड्याचा उन्हाळा मोजताय.

पायरी ३: स्वस्तापासून सुरुवात, एका वेळी एकच

शून्य रुपयांची कामं आधी. टायरमधली हवा मॅन्युअलप्रमाणे भरा. ४०-५० च्या वेगाला गाडीला मागे ओढणाऱ्या जोरातला मोठा वाटा टायरचाच असतो. हँडब्रेक सोडून, गाडी न्यूट्रलमध्ये हाताने ढकलून बघा, ब्रेक धरून तर राहत नाही ना. कुणालातरी एक्सलरेटर पूर्ण दाबायला सांगून कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडते का ते बघा. आमची उघडतच नव्हती. तार सैल होती आणि पायाखालचं मॅट आडवं येत होतं. चोकची तार उलट पूर्ण सुटते का तेही पाहा. अर्धवट अडकलेला चोक पेट्रोल पीत राहतो. डिकीतला पसाराही काढा. आमच्या डिकीत अण्णांच्या शाळेच्या जुन्या वह्यांची दोन पोती निघाली.

त्यानंतर काही शे रुपयांची कामं. एअर फिल्टर, तीन प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर, टॅपेट अ‍ॅडजस्टमेंट, इग्निशन टायमिंग. टायमिंग कानाने नाही, टायमिंग लाइटने लावून घ्या. डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी फाटलेली असली तर टायमिंग बरोबर लावूनही गाडी मंद राहते.

मग हजार-दोन हजारांची. कार्बोरेटर खोलून किट टाकणं, पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलणं, जमल्यास पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. त्याने ताकद एकदम वाढत नाही, पण पॉइंट झिजून टायमिंग सरकत जाणं थांबतं. म्हणजे सरासरीपेक्षा विचलन कमी होतं. संशोधनात हेही मोठं काम असतं.

टायर बदलायचे असतील तर सावध राहा. नव्या टायरवर घासलेल्यापेक्षा ६ मिमी नक्षी जास्त असेल, तर चाकाची त्रिज्या सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते माहीत नसतं. तो कमी किलोमीटर दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज घटल्यासारखं वाटतं. इथे बदलासोबत मोजपट्टीही बदलली. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर आधी ताडून घ्या.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, उघडा फिल्टर हे मी घेतलं नाही. उघडा फिल्टर बोनेटखालची तापलेली, म्हणजे विरळ हवा ओढतो. आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं, तो वेगळा विषय. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. नूतनीकरणाच्या तोंडावर ही भानगड नको.

लपलेला चल: पेट्रोल

सगळं सावकाश, एकेक करून मोजत होते तरी एक गोष्ट माझ्या हातात नव्हती. पंपावरचं पेट्रोलच बदललं होतं. २०२२ मध्ये देशात १० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठलं आणि २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल टप्प्याटप्प्याने आलं. आपल्या ऊसपट्ट्यासाठी ती चांगली बातमी, पण कार्बोरेटरला बातम्या कळत नाहीत.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, १ किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. २० टक्के मिश्रणासाठी हिशेब करा, साधारण १३.५ येतं. जेटचं भोक मात्र जुन्या पेट्रोलच्या मापाचं. म्हणजे मिश्रण ८-९ टक्क्यांनी पातळ झालं. उलट आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर राहतो. इथे हवा सुमारे ६ टक्के विरळ, आणि त्यामुळे कार्बोरेटरचं मिश्रण सुमारे ३ टक्के घट्ट होतं. दोन परिणाम उलट दिशांना, थोडी भरपाई होते, पूर्ण नाही. शिवाय एका लिटरमधली ऊर्जाच सुमारे ७ टक्क्यांनी कमी आहे.

पातळ मिश्रणाची लक्षणं: थंड गाडी बंद पडणं, एक्सलरेटर दाबल्यावर अडखळणं, प्लगची टोकं पांढरट होणं. यासाठी स्वस्तातलं उपकरण तालुक्याच्या प्रत्येक गावात आहे, ते म्हणजे पीयूसीचं मशीन. तो कागद आपण घडी घालून डॅशबोर्डमध्ये टाकतो, वाचत नाही. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे मिश्रण घट्ट. हायड्रोकार्बन जास्त म्हणजे कुठेतरी नीट जळत नाही. आमच्यासारख्या जुन्या गाडीला मर्यादा ३ टक्के आणि १५०० पीपीएम आहे. एवढं लक्षात ठेवा, की ही चाचणी गाडी उभी असतानाची आहे. आयडलिंगचा स्क्रू तिथे कामाला येतो, धावत्या गाडीला मेन जेट ठरवतो. भोकाचं क्षेत्रफळ ८ टक्के वाढवायला व्यास फक्त ४ टक्के वाढवावा लागतो. म्हणून तारेने भोक खरवडू नका, मापाचा जेट लावून घ्या.

आणि जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. नळी फुगते, तडकते, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर पुढे काय होतं ते सांगायला नको. दहा हजारांतलं पहिलं काम हेच करा. ते पिकअपच्या हिशेबात धरू नका, आईला रात्री त्या गाडीत बसवायचंय या हिशेबात धरा.

चुंबकाची गोष्ट

मधेच काकांनी पेट्रोलच्या नळीला लावायचं एक चुंबक आणलं. “अ‍ॅव्हरेज वाढतंय, लोक सांगायलेत.” अण्णांनी लावलं आणि दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, “पिकअप आला बघ.”

मी वाद घातला नाही. आईला सांगितलं, रोज सकाळी नाणं उडव. छापा पडला तर चुंबक लाव, काटा पडला तर काढून ठेव, आणि आम्हाला दोघांनाही सांगू नको. अण्णांनी चालवून फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगायचं. दहा दिवस चाललं. ज्या दिवशी अण्णा सगळ्यात खात्रीने “आज लावलंय, फरक जाणवायलाय” म्हणाले, त्या दिवशी चुंबक आईच्या शिलाई मशीनच्या डब्यात होतं. दहाच्या दहा दिवसांची यादी वाचून दाखवली तेव्हा अण्णा हसले आणि म्हणाले, “म्हणजे मीच बदललो, गाडी नाही.”

यादृच्छिकीकरण आणि ब्लाइंड चाचणी याहून सोपी मला समजावता येणार नाही. अण्णा खोटं बोलत नव्हते. आपला प्रयोग यशस्वी व्हावा असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला तो यशस्वी झालेला दिसतो. मलाही तापमानाचा आलेख तसाच दिसला होता.

शेवटी

दहा हजार पूर्ण संपले नाहीत. सगळ्यात स्पष्ट फरक एक्सलरेटरच्या तारेने आणि टायरच्या हवेने पडला. दोन्हींचा खर्च जवळपास शून्य. महागड्या प्लगने माझ्या मोजण्याच्या चुकीच्या बाहेर जाईल एवढा फरक दाखवला नाही. प्लग वाईट आहेत असं त्यातून सिद्ध होत नाही. माझ्या पद्धतीला तो फरक दिसला नाही, एवढंच म्हणता येतं. प्रबंध लिहिताना ही दोन वाक्यं वेगळी ठेवा. गाडी ठेवायचं ठरलंय. २०२७ ला फॉर्म भरायला मीच जाणार आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या प्रस्तावित विषयात तुम्ही काय बदलणार, काय मोजणार, काय न बदलता जपणार आणि कशावर तुमचा ताबाच नाही, हे चार रकान्यांत लिहा. चौथा रकाना रिकामा राहिला तर पुन्हा विचार करा. तुमचं ‘पेट्रोल’ कुठेतरी बदलत असणार.

मुलाखतीत उदाहरण विचारलं, तर आमची ८०० खुशाल सांगा.